शिल्टन की बँक्स?

इंग्लंडच्या आजवरच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंच्या यादीत गोलकीपर म्हणून, देशाकडून खेळलेल्या नुसत्या 125 सामन्यांच्या जोरावर पीटर शिल्टनला पहिला नंबर आणि गॉर्डन बँक्स दुसरा, हे काही पटलं नाही बुवा. बँक्सचे सामने 73च, आणि 1972च्या मोटार अपघातात त्याची उजव्या डोळ्याची नजर गेली, मग कुठून वाढणार? 1970च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात ब्राझीलच्या पेलेचं हेडर टप्पा पडून आत शिरतच होतं. पठ्ठ्याने उजवीकडे झेपावत एका हाताने ते बारवरून उडवलं. पुढे पश्चिम जर्मनीविरुद्ध नेमका तो आजारी, आणि इंग्लंडने 2-0 वरून सामना 2-3 घालवला. (सगळं खापर बँक्सच्या जागी गोलमध्ये उभ्या राहिलेल्या बिचाऱ्या बोनेटीवर नको, मॅनेजर रॅम्सीने बॉबी चार्लटनला बाहेर काढलं तेही भोवलंच.) यादीत लेफ्ट बॅकला (डावीकडचा बचावपटू) अॅश्ली कोल, त्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.