रस्ता बंद आणि खोली सोडायची वेळ झालेली: तुमचा अनुभव काय?

बॅगा भरून झाल्या होत्या आणि खाली दरड कोसळल्याची बातमी आली. डोंगरातल्या त्या रिसॉर्टवर आमचं तीन रात्रींचं बुकिंग होतं, राहिलो पाच. बरोबर आई, तिचं इन्सुलिन आणि चार वर्षांची मुलगी. वीज पहाटेच गेलेली.

साडेसातला मॅनेजरने सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं आणि होतं तसं सांगितलं. डिझेल इतकं उरलंय, जनरेटर सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन तास चालेल, टाकीतलं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं, अंघोळी बंद. रस्ता कधी सुटेल ते मला माहीत नाही, हेही त्याने सांगून टाकलं. मग विचारलं, कोणाकोणाला औषधं लागतात? आईचं इन्सुलिन स्वयंपाकघरातल्या बर्फपेटीत गेलं. जादा दोन रात्रींचे पैसे बुकिंगच्याच दराने घेतले आणि ते मला रास्त वाटलं, त्यांचाही खर्च चालूच होता. फुकट राहायची अपेक्षा कोणाचीच नसते. काय चाललंय ते कळत राहावं एवढंच वाटतं, आणि तो माणूस दर चार तासांनी येऊन नवीन काही नसलं तरी 'नवीन काही नाही' असं सांगून जायचा.

पूर, वणवा, भूकंप, वादळ, अशा वेळी तुम्ही उतरला होता तिथे तुम्हाला कसं वागवलं? कटू अनुभवही लिहा, फक्त जागेचं नाव नको.

* * *

इन्सुलिन आणि बर्फपेटी वाचून लिहितो आहे. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रीजबाहेरही चालते, फार उष्णता नसली म्हणजे झालं. नेमकी मर्यादा पाकिटावर असते. बर्फाला मात्र चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

* * *

आमचं उलटं झालं. वादळामुळे विमानं रद्द झाली. चेक-आउट अकराला, म्हणजे अकरालाच. मुक्काम वाढवायचा म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, खोली आजच्या दराने मिळेल. आजचा दर कालच्या अडीचपट! 'दर सिस्टिम ठरवते, आमच्या हातात नाही.' मागणी वाढली की बऱ्याच हॉटेलांत सॉफ्टवेअर आपोआप दर चढवतं, हे खरं आहे. पण तो दर हाताने खाली आणण्याचा अधिकारही तिथे कोणाला तरी असतो, आणि त्या माणसाला फोन लावायला कोणी तयार नव्हतं. पुढचे पाहुणे पोचूच शकत नव्हते, खोल्या रिकाम्या पडून होत्या. आम्ही रात्र लॉबीत काढली. सासऱ्यांना सोफ्यावर पाय वर घेऊ नका म्हणून दोनदा बजावलं. ते मी आजही विसरलेले नाही.

* * *

मी सहा वर्षं रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला होते, म्हणून पलीकडचं सांगते. पूर आला तेव्हा दुसरी पाळी पोचलीच नाही. अकरा जणांनी दोन दिवस दोन रात्री सगळं ओढलं. लॉन्ड्री बंद, त्यामुळे चादरी बदलणं थांबलं. त्यात अडकलेल्या बसमधून साठेक माणसं चालत आली. साहेबांचा फोन बंद पडायच्या आधी एकच वाक्य ऐकू आलं, 'हॉल उघडा.' गाद्या टाकल्या.

पहिलं काम यादीचं. प्रत्येकाचं नाव, वय, आजार, घरचा फोन. प्रशासनाला ती द्यायची असते आणि आधी कोणाला हलवायचं हे त्यावरून ठरतं. तेव्हा कोणी अशी माहिती विचारली तर कृपा करून चिडू नका.

एक पाहुण्या बाई न सांगता आत आल्या आणि भांडी घासायला बसल्या. आमच्यातली एक मुलगी, जिच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

* * *

एप्रिल २०१०, आइसलंडच्या ज्वालामुखीची राख. युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर ठप्प होती, आम्ही विमानतळाजवळच्या हॉटेलात. तिथल्या रिसेप्शनिस्टनेच सांगितलं की युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाप्रमाणे राहण्याजेवणाची सोय विमान कंपनीने करायची असते, कारण नैसर्गिक असलं तरीही. तिने रोजचं बिल वेगळं काढून दिलं. विमान कंपनीकडून पैसे मिळाले ते त्या बिलांवर. पुढे २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने या राखेच्याच एका प्रकरणात ही जबाबदारी पक्की केली. प्रवास विमा असेल तर निघताना हॉटेलकडून 'अमुक तारखांना या कारणाने अडकले होते' असं पत्रही मागून घ्या. नंतर मिळवताना फार त्रास होतो.

* * *

२५ एप्रिल २०१५, नेपाळमधलं पोखरा. भूकंपाने आमच्या हॉटेलचं फारसं बिघडलं नाही, पण धक्के थांबेनात, आत झोपायची कोणाची छाती होईना. मालकाने गाद्या, पांघरुणं हिरवळीवर आणवली आणि स्वतःचं कुटुंबही आमच्यातच आणून झोपवलं. जेवण वाढणारा मुलगा गोरखा जिल्ह्यातला, भूकंपाचं केंद्र तिथेच होतं. घरी फोन लागत नव्हता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चहाची किटली, असा तो रात्रभर फिरत होता. मालक त्याला बस म्हणायचा, तो बसत नव्हता.

* * *

(धागाकर्ती) त्या मुलाच्या घरचं पुढे कळलं का?

* * *

आम्ही तिसऱ्या दिवशी निघालो, तोवर फोन लागला नव्हता. महिन्याभराने हॉटेलच्या नंबरवर विचारलं. तो गावी गेलाय, एवढंच मालक म्हणाला.