पंख्यांआधी व्होल्टेजकडे बघा

आरटीएक्स ३०७० या ग्राफिक्स कार्डाला ६५ अंशांवर ठेवायला पंखे ८० टक्क्यांवर पळवायचे, हा सल्ला मला पटत नाही. एनव्हिडियानेच या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश दिली आहे. गेम चालू असताना ७५ अंश म्हणजे तब्येत ठणठणीत! त्या दहा अंशांसाठी खोलीभर घरघर कशाला सोसायची?

आधी अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करा; खरा फायदा तिथे आहे. कार्ड २२० वॉट वीज खातं आणि तिचीच उष्णता होते. आफ्टरबर्नर या कार्ड-सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह (कोणत्या व्होल्टेजला किती वेग, याचा आलेख) उघडा, ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास आणा, त्यापुढची रेघ सपाट करा आणि अप्लाय. प्रत्येक चिप वेगळी असते, त्यामुळे गेम क्रॅश झाला तर १५-१५ मेगाहर्ट्झने खाली या. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) जेमतेम हलतो, उष्णता मात्र चांगलीच उतरते आणि पंखे आपसूक मंदावतात.

पंखे सारखे वर-खाली होत असतील तर हिस्टेरेसिस (तापमान किती उतरल्यावर पंखे मंदावायचे, ती सेटिंग) चार-पाच अंश ठेवा. एकसुरी आवाजाची सवय होते, चढ-उतार डोक्यात जातो.

हे सगळं थंडीत जमवलं असेल तर एप्रिल-मे मध्ये पुन्हा तपासा. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच चढतं.