मदत हवी आहे: गिफर्ड ते ईस्ट लिंटन, सायकलने कोणता रस्ता?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईबरोबर स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमध्ये एक दिवस निवांत सायकल चालवायची आहे. आई पासष्टीची, पुण्यात रोज सायकलवर असते. सपाटीवर दमत नाही, पण चढाला उतरून ढकलावी लागते.

ठरलंय ते असं: एडिनबर्गहून ट्रेनने लाँगनिड्री, तिथून जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेने हॅडिंग्टन. ही वाट सात-एक किलोमीटरची, गाड्या नाहीत, चढ रेल्वेला झेपेल इतकाच. मग आतल्या रस्त्यांनी गिफर्ड, तिथे जेवण, आणि परतीची ट्रेन ईस्ट लिंटनहून (ते स्टेशन 2023 च्या डिसेंबरपासून पुन्हा सुरू झालंय). सायकली एडिनबर्गलाच भाड्याने घेणार, साध्या गिअरच्या.

गाडी गिफर्डनंतर अडते. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा पाहिला. गारवाल्डवरून जावं तर गाव ओढ्याकाठी खोलगटात, म्हणजे जेवढं उतरू तेवढं चढायचं. मोरहॅमकडून ट्रेप्रेन लॉ टेकडीच्या पायथ्याने जाणारा रस्ता बरा दिसतो, पण समोच्च रेषा दर दहा मीटरला असल्याने मधले छोटे, खडे चढ कळत नाहीत. ॲप तर हटकून मोठ्या रस्त्यावर ढकलतं, तो नकोच. इलेक्ट्रिक सायकल सुचवू नका, आईसाहेब ऐकत नाहीत!

तिथे प्रत्यक्ष सायकल चालवलेल्यांनी सांगा: मोरहॅमच्या बाजूने उतरून ढकलावं लागेल असा चढ आहे का? आणि त्या दिवसांत कापणीचे ट्रॅक्टर-ट्रेलर त्या अरुंद रस्त्यांवर किती असतात?