शिकवणीच्या फीचा खोटा चेक: तुमच्याबरोबर झालंय का असं?

गणितवाली_एडिसन

लेक कॉलेजला गेली, म्हणून या शनिवारी बेसमेंट उपसायला घेतलं. जुन्या गठ्ठ्यात एक पिवळी फाइल निघाली. वर माझ्याच अक्षरात स्केचपेनने ‘एमिली’, बाजूला फुलपाखराचं स्टिकर. आत अपूर्णांकांची बावीस पानं. तिथेच खोक्यावर बसले.

एमिली नावाची मुलगी नव्हतीच.

२०१७ ची गोष्ट. घरी शिकवण्या घ्यायचे, शिकवणीच्या एका साइटवर नाव नोंदवलं होतं. एका आईचा मेल आला. ती परदेशात, मुलगी बारा वर्षांची, सांभाळणाऱ्या बाईबरोबर महिनाभर मावशीकडे न्यू जर्सीला येणार, गणित कच्चं. आठवड्याला तीन दिवस, दोन-दोन तास. मी तासाला ४० डॉलर सांगितले. २४ तासांचे ९६०. घासाघीस नाही, काही नाही. उलट म्हणाली, शिक्षकांना पैसे आधीच मिळायला हवेत.

आता हे शिकवणीवाल्यांनाच कळेल. फी मागायची म्हटलं की मी तीन-तीन दिवस मनात वाक्य जुळवायचे. बीएमडब्ल्यूमधून मुलाला सोडायला येणारा बाप दोन महिन्यांचे पैसे विसरायचा आणि लाज मला वाटायची. आणि ही बाई न मागता देतेय! मला ती आवडलीच हो.

पाकीट आलं. कॅशियर्स चेक, म्हणजे बँक स्वतःच्या नावाने काढून देते तो, २,८५० चा. मागोमाग मेल: सेक्रेटरीने ड्रायव्हरचे पैसेही त्यातच घातले, तुम्ही तुमचे ९६० ठेवा, त्रासाबद्दल वर ५० घ्या, उरलेले १,८४० ड्रायव्हरला पाठवा, त्याला गाडी भाड्याने घ्यायचीय. गुरुवारी काउंटरवर चेक भरला, शुक्रवारी खात्यात पैसे दिसले. काउंटरवरच्या मुलीला विचारलंसुद्धा. ‘फंड्स आर अव्हेलेबल’ म्हणाली. शनिवारी मनी ट्रान्सफरच्या खिडकीवर जाऊन पाठवून दिले. घरी येऊन वर्कशीट्स छापली.

नवव्या दिवशी खातं उणे. बँकेने २,८५० काढून घेतले, वर चेक परत आल्याचे १२ डॉलर. माझ्या खिशातले १,८५२ गेले. नवऱ्याला दोन दिवस सांगितलं नव्हतं.

पैशाचं आता काही वाटत नाही. त्या स्टिकरचा मात्र अजून राग येतो. लिहा तुमचेही.

वांगीभात

अगं बाई!! फुलपाखरापाशी गलबललं. फाइल टाकू नकोस.

बँकेतला_बाळू

टेक्सासात बँकेतच आहे. लंच ब्रेक आहे तोवर लिहितो.

‘अव्हेलेबल’ आणि ‘क्लिअर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे आमच्या काउंटरवरच्या निम्म्या पोरांनाही धड माहीत नसतं. १९८७ च्या कायद्याने बँकेला ठरलेल्या मुदतीत पैसे वापरायला द्यावेच लागतात. कॅशियर्स चेक काउंटरवर भरला तर सहसा दुसऱ्याच कामाच्या दिवशी. म्हणून हे लोक कॅशियर्स चेकच पाठवतात, साधा नाही. प्रत्यक्षात तो चेक खोटा आहे हे कळायला आठवडे लागू शकतात. तोवर बँकेने तुम्हाला दिलेले पैसे म्हणजे उसनवारी. चेक परत आला की भरणाऱ्याकडून वसूल.

खालचा नऊ आकडी राउटिंग नंबर बऱ्याचदा खऱ्या बँकेचाच असतो. खातंही कधीकधी खऱ्या कंपनीचं. त्यामुळे चेककडे निरखून बघून काही होत नाही. चेक काढणाऱ्या बँकेला फोन करायचा आणि तो नंबर स्वतः शोधायचा. चेकवर छापलेल्या नंबरावर केलात तर त्यांचाच माणूस उचलतो आणि ‘येस मॅम, इट्स जेन्युइन’ म्हणतो.

एफटीसीच्या (ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या) २०१९ च्या आकड्यांत अशा चेकमध्ये फसलेल्यांचं मधलं नुकसान १,९८८ डॉलर होतं. तुमचे १,८४० म्हणजे अगदी मापात.

गणितवाली_एडिसन

मापात! वा. आयुष्यात पहिल्यांदाच मी सरासरी निघाले :)

धा_तिरकिट

आमच्याकडे चेक नाही, मेजर साहेब.

२०२१, कोथरूड, क्लास बंद, सगळं ऑनलाइन. फोन आला, ‘सर, मैं आर्मी से बोल रहा हूँ, दो बच्चे हैं, तबला सीखना है.’ मी म्हटलं महिना १,७५०. म्हणे चार महिन्यांचे दोघांचे आधीच देतो, १४,०००. व्हॉट्सॲपवर आर्मीचं ओळखपत्र, कँटीन कार्ड, वर्दीतला फोटो. ‘हमारे यहाँ पेमेंट का प्रोसेस अलग होता है सर, पहले आप पाँच रुपये भेजिए.’ पाठवले. लगेच १० आले! मग क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला. टाकला. १४,००० गेले. ‘सर वो अटक गया, एक बार और कीजिए, दोनों साथ में आएँगे.’ परत टाकला.

२८,०००.

आणि विचारलं काय तर, ‘सर, तबला घर पे लाना पड़ेगा क्या?’ चार महिन्यांची फी देणाऱ्याला एवढंही माहीत नसावं? तेव्हाच समजायला हवं होतं. पण गेल्या वर्षभरात माझ्याकडे पोरं उरली होती तीन.

रेल्वेरूळ

सेम टू सेम. बायकोचे भरतनाट्यमचे क्लास आहेत. तिच्याकडेही मेजर. आमच्या सोसायटीत ड्रॉइंगवालीकडेही तोच. एवढे मेजर असते तर सीमेवर कोण आहे?

साधी_मीना

पैसे येताना पिन लागत नाही. लागतच नाही. फ्रिजवर चिकटवा.

कट्ट्यावरचा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जास्तीचे पैसे आले तेव्हाच कळायला हवं. ५० डॉलर वर मिळतायत म्हणून भुलायचं, ही हावच.

वांगीभात

कट्ट्यावरचे काका, तिने १,८४० सांगितल्याप्रमाणे पाठवून दिले. हाव असती तर ठेवून घेतले असते. प्रामाणिकपणा केला म्हणून फसली ती.

धा_तिरकिट

+१. फसवणारे चोराच्या नाही, सज्जनाच्या शोधात असतात.

कट्ट्यावरचा

बरं. मुद्दा मान्य. ५० वाला सोडून.

पंचगंगा

कुकर लावलाय, पटकन लिहिते.

मी कोल्हापूरला चौथीपर्यंतच्या शिकवण्या घेते. गेल्या पावसाळ्यात फोन, पुतण्याला शिकवायचंय, ५,००० ॲडव्हान्स टाकतो. टिंग, मेसेज आला, ५०,००० जमा. लगेच रडका फोन, ‘मॅडम, एक शून्य जादा पडलं, बायको दवाखान्यात आहे, ४५,००० परत करा.’ माझे हात थरथरायला लागले, हो. कुणाच्या दवाखान्याचे पैसे आपल्याकडे! मी ॲप उघडतच होते, तर सासूबाई आतून म्हणाल्या, ‘पासबुक भरून आण आधी, मग बघू.’ म्हटलं आई, आता कोण पासबुक भरतं? तर त्या, ‘मी भरते.’

गेले बँकेत. मशीनमधून पासबुक निघालं तर शेवटची नोंद गॅसच्या सबसिडीची. मेसेज नीट बघितला तर साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेच्या नावाने नाहीच.

तेव्हापासून घरात सासूबाई आरबीआय गव्हर्नर.

वांगीभात

सासूबाईंना साष्टांग!

कट्ट्यावरचा

अवांतर: गॅसची सबसिडी अजून येते तुम्हाला? आमची बंद होऊन युगं झाली.

पंचगंगा

उज्ज्वलाची आहे, सासूबाईंच्या नावावर. त्यांचंच पासबुक होतं ते, गडबडीत दोन्ही घेऊन गेले होते. माझ्यात तर काहीच नव्हतं.

टोरांटोतला_तात्या

मी व्हायोलिन शिकवतो. मला जो आला तो ‘मी बहिरा आहे, फोनवर बोलू शकत नाही, फक्त मेसेज करा’ म्हणून. आता बहिऱ्या माणसाला फोन कर म्हणून कसा आग्रह धरणार? तिथेच पहिला डाव जिंकला त्याने.

पण मी विचारलं, मुलगा डावखुरा आहे का? व्हायोलिन अर्धं लागेल की पाऊण? मुलांना मापाप्रमाणे छोटं लागतं. उत्तर: ‘चेकवर तुमचं पूर्ण नाव काय लिहू?’ परत विचारलं. ‘तुमचा पत्ता?’ अकरा मेसेज झाले पण मापावर गडी येईना. शेवटी मी म्हटलं, पोराला आधी खांद्यापासून तळहातापर्यंत मोजून पाठवा. त्याने ‘३ फूट’ पाठवलं. म्हटलं हा गोरिला आहे, मी माणसांना शिकवतो.

बँकेतला_बाळू

हाहा. ही मात्र खरी खूण आहे. खरा पालक मुलाबद्दल बोलतो, कंटाळा येईपर्यंत बोलतो. हे लोक फक्त पैशाबद्दल बोलतात.

टेम्सकाठी

इकडे लंडनला हा चेकवाला प्रकार आता फारसा जमत नाही. चेकच्या प्रतिमेवर क्लिअरिंग होतं, आज भरला तर उद्या रात्रीपर्यंत खरंखोटं ठरतं आणि मग पैसे तुमचे. तुम्ही स्वतः लबाडीत सामील असलात तरच परत घेतात. अमेरिकेत अजून नऊ-नऊ दिवस का लागतात देव जाणे. चंद्रावर माणूस गेला म्हणे तिथून.

संत्रानगरी

खोट्या चेकचं काय घेऊन बसले बाप्पा. खऱ्या पालकाचा चेक बाउन्स झाला त्याचं सांगा. नागपूरला दहावीच्या बॅचला होता एक पोरगा, बापाचं मोठं दुकान. अख्ख्या वर्षाचा १८,००० चा चेक दिला. परत आला. सांगितलं, तर म्हणे ‘सर, सोमवारी टाका परत.’ टाकला. परत आला. वकील म्हणाला, बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवा, कलम १३८ लावू. मी पाठवली नाही. पोरगा रोज समोर बसायचा ना पहिल्या बाकावर. गणितात ९२ पडले त्याला. पेढे घेऊन आला घरी, बाप गाडीतच बसून.

गणितवाली_एडिसन

संत्रानगरी, हे वाचून माझ्या बीएमडब्ल्यूवाल्याला माफ केलं.

नाव_नको

आज पहिल्यांदाच सांगतेय. मी तेव्हा अमेरिकेत एच-फोरवर होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, काम करायची परवानगी नव्हती. शेजारच्या दोन मुलांना शिकवून हातखर्च सुटायचा. अशाच चेकमध्ये २,२०० गेले. पोलिसांत, बँकेत कुठेच तोंड उघडलं नाही. उलट विचारतील, शिकवण्या कुठल्या व्हिसावर घेतेस? नवऱ्याच्या नोकरीवर येईल याची भीती. बँकेत सांगितलं की ओळखीच्यांनी उसने परत केले होते. मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकीचं सोनं भारतात आल्यावर मोडलं. आईला सांगितलं लॉकरमध्ये आहे. ती गेली, तिला अजून तेच माहीत आहे.

वांगीभात

:( नाव_नको, काय बोलू.

साधी_मीना

मिठी.

रेल्वेरूळ

गणितवाली, तू तक्रार केली होतीस का?

गणितवाली_एडिसन

केली. एफटीसीकडे ऑनलाइन, चेक टपालाने आलेला म्हणून पोस्टल इन्स्पेक्टरकडे, आणि इथल्या पोलिसांकडे. पोलीस भला होता, म्हणाला, या महिन्यातली तू तिसरी, आधीची एक पियानोवाली. पैसे कुणालाच मिळाले नाहीत. मनी ट्रान्सफरवाले म्हणाले, अर्ध्या तासात उचलले. ड्रायव्हर चपळ होता.

धा_तिरकिट

मला थोडे मिळाले. शेजारच्या कॉलेजकुमाराने ढकललं म्हणून त्याच दिवशी तक्रार केली. तेव्हा हेल्पलाइनचा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. जितक्या लवकर कराल तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता येतात. माझे ९,००० एका खात्यात अडकले होते. कोर्टाचा आदेश, बँकेच्या खेपा, सात महिने. १९,००० ची गुरुदक्षिणा.

रेल्वेरूळ

त्यातली कलेक्ट रिक्वेस्ट तरी आता बंद झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाला दुसऱ्या माणसाकडे यूपीआयवर तशी पैशांची मागणी पाठवता येत नाही. क्यूआर आहेच पण.

कट्ट्यावरचा

धा_तिरकिट, १,७५० मध्ये अजून शिकवता का? नातवाला पाठवायचाय. मी मेजर नाही.

धा_तिरकिट

आता २,२००. घरी तबला आणावा लागेल. आणि काका, फी रोख.

कट्ट्यावरचा

आणतो. रोखच आणतो, सुट्टे नसतील तर जास्तीचे परत पाठवा हाहा.

साधी_मीना

गणितवाली, एक विचारू? अपूर्णांकांची ती बावीस पानं आहेत ना अजून? मुलगी सहावीत आहे, छेद समान करायचं म्हटलं की रडते. फोटो काढून पाठवशील?

गणितवाली_एडिसन

पाठवते की! आजच स्कॅन करते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ. कुणीच सोडवलेली नाहीत, कोरी आहेत. पान सातवरचा तिसरा प्रश्न सोडून दे, घाईत छापला होता, त्याचं उत्तर येत नाही.