‘फ्रॅक्चर्ड मँडेट’ आणि त्रिशंकू एकच का?

सातरस्ता_अभ्यासिका
राज्यसेवेची तयारी करतोय. इंग्रजी सुधारावं म्हणून हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून रोज इंग्रजी अग्रलेख वाचतो. नवा शब्द आला की वहीत तो, शेजारी अर्थ आणि खाली अख्खं वाक्य. निवडणुकीच्या दिवसांत इन्कम्बन्ट, टर्नआउट, डिफेक्शन हे इतक्यांदा येतात की आपोआप पाठ होतात. अडलंय ‘फ्रॅक्चर्ड मँडेट’पाशी. मी ‘खंडित जनादेश’ लिहिलं होतं. क्लासच्या सरांनी ते खोडून ‘त्रिशंकू’ केलं. मला पटलेलं नाही. त्रिशंकू म्हणजे ‘हंग असेंब्ली’, कोणालाच बहुमत नसलेलं सभागृह ना? परीक्षेत भाषांतराला आलं तर काय लिहायचं?

नवीपेठ_काका
बरोबर लिहिलायस की बे. त्रिशंकू होतं ते सभागृह, मँडेट असतं मतदारांचं. 2019 ची विधानसभा बघ. 288 पैकी भाजप 105, शिवसेना 56. एकत्र लढले होते, बेरीज 161, बहुमताला हवेत 145. मोजणी संपली तेव्हा काहीच लटकलेलं नव्हतं. नंतर युती मोडली, सरकार बनेना, 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. तेव्हा मोडलं ते मतदारांनी दिलेलं की पुढाऱ्यांनी जुळवलेलं? अग्रलेखात हा शब्द दिसला की आधी आकडे काढून बघ, लिहिणारा कोणावर बोट ठेवतोय ते कळतं.
फक्त ‘जनादेश’ मला रुचत नाही. ‘मतदारांनी कौल दिला’ म्हणतो आपण. कौल लिही.

पंढरपूरची_लेक
काका, कौल अरबी आहे, मूळ अर्थ बोल, वचन. जनादेश संस्कृत, हिंदीवाल्यालाही कळतो, आणि मँडेटमधली आज्ञा त्यात नेमकी येते. असा नितळ शब्द हाताशी असताना उसना कशाला?

नवीपेठ_काका
ताई, उमेदवार फारसी, मतदारातला ‘दार’ फारसी, अनामत अरबी. हे सगळे उसने म्हणून परत केले तर निवडणुकीवर दोन ओळी लिहिता येणार नाहीत. आणि मँडेट हे लॅटिनमधलं ‘हाती सोपवणं’. आदेशापेक्षा कौल त्याच्या जास्त जवळ जातो.

मोडीवाचक
कौलाबद्दल बोलायलाच हवं. जुन्या कागदांत कौल सरकार रयतेला देतं. पडीक रान लागवडीला आणा, पहिल्या वर्षी सारा थोडा, मग वर्षागणिक चढता, याला इस्ताव्याचा कौल म्हणत. मोल्सवर्थच्या कोशातही सरकारने रयतेला दिलेला लेखी भरवसा असा अर्थ दिला आहे. म्हणजे तेव्हा कौल वरून खाली यायचा. आज मतदार देतो आणि सरकार घेतं. दिशा पार उलटली. माझं मत असं, की हा बदल देवळातून आला. गुरव मूर्तीला कळ्या लावतो, उजवी पडली की देवाने कौल दिला. निवडणुकीत मागणारा उमेदवार आणि देणारी जनता, मांडणी तीच.

पंढरपूरची_लेक
हे कोकणातलं. माझ्या माहेरी-सासरी कोणी देवाला कौल लावलेला मी पाहिला नाही.

मोडीवाचक
माझ्या आजोळी लावतात, बार्शी तालुक्यात. विहीर कुठे खणायची तेही विचारतात.

पंढरपूरची_लेक
बरं. पण मग तुमचंच म्हणणं काकांच्या विरुद्ध जातं. कळी उजवी पडते नाहीतर डावी. देवाचा कौल अर्धा-अर्धा कधी पडतो का? ‘खंडित कौल’ त्यामुळेच कानाला लागतो.

अक्कलकोट_रोड
आमच्या घरी कानडी बातम्या चालू असतात. 2018 ला कर्नाटकात भाजप 104, काँग्रेस 78, जेडीएस 37 असे आकडे आले तेव्हा दिवसभर ‘अतंत्र विधानसभे’ ऐकलं. अतंत्र म्हणजे डळमळीत, कोणाच्या ताब्यात नसलेलं. विश्वामित्राची गोष्ट ठाऊक नसलेल्यालाही कळेल. मराठीने हा घ्यायला हरकत काय? पंढरीच्या विठोबाला आपण कानडा म्हणतोच.

साखरपेठ
तेलुगूत ‘प्रजा तीर्पु’ म्हणतात. तीर्पु म्हणजे न्यायनिवाडा. आमची आजी निकालाच्या दिवशी शिवण बाजूला ठेवून विचारायची, तीर्पु काय लागला? तिच्या लेखी लोक न्यायाधीश. इंग्रजी अग्रलेखातही ‘मँडेट’ आणि ‘व्हर्डिक्ट’ दोन्ही येतात आणि आपण दोन्हीला कौल लिहून मोकळे होतो. खरं तर व्हर्डिक्ट गेल्या पाच वर्षांबद्दल असतो, मँडेट पुढच्या पाच वर्षांसाठी. ‘व्हर्डिक्ट’ लिहिणारा सांगतो की जुन्या सरकारला लोकांनी हटवलं. ‘मँडेट’ लिहिणारा सांगतो की नव्याला त्याच्या कार्यक्रमासाठी निवडलं. निकाल एकच, दोन पेपरांत दोन शब्द. सातरस्ता, दोन अग्रलेख शेजारी ठेवून वाचत जा. एकट्या शब्दाचा अर्थ पाठ करून हे हाती लागणार नाही.

सातरस्ता_अभ्यासिका
हे वहीत उतरवून घेतलं. पण परीक्षेत लिहू काय? आणि आजच्या अग्रलेखातला ‘एक्झिट पोल’. यातला पोल खांबाचाच का?

मोडीवाचक
नाही, खांबाचा वेगळा. हा पोल म्हणजे डोकं. पोल टॅक्स म्हणजे माणशी कर, आपली डोईपट्टी. डोकी मोजण्यावरून मतं मोजणं आलं. आपल्याकडेही दरडोई म्हणतात, जनगणनेला शिरगणती म्हणत.

पंढरपूरची_लेक
शिरगणती! किती छान शब्द, आणि तो सोडून जनगणना कशाला धरली?

नवीपेठ_काका
जनगणनाही संस्कृतच आहे की, ताई. आमच्या वडिलांच्या तोंडी खानेसुमारी होतं.

मोडीवाचक
खाना म्हणजे घर. खानेसुमारीत घरं मोजली जातात, शिरगणतीत माणसं. दोन्ही एक नव्हेत.

नवीपेठ_काका
वडील तलाठ्याबरोबर घरोघर फिरलेले. माणसं, गुरं, सगळं लिहून घेत आणि त्याला खानेसुमारीच म्हणत. कोशात काहीही असो.