मदत हवी आहे: वरच्या वाडीत नळ आले, पाणी नाही. हस्तांतरणाच्या कागदावर सही करावी का?

वरची वाडी

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात किंवा ठेकेदारीत आयुष्य काढलेली माणसं इथे आहेत, म्हणून विचारते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कसा मागू?

आमचं गाव कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याला. पाच वाड्या. चार खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) अंगाला आणि आमची वरची वाडी सड्याखालच्या (कातळाच्या पठाराखालच्या) उतारावर. ३४ घरं, १६० माणसं. जुलैत अंगणातून पाणी वाहतं आणि एप्रिल लागला की आम्ही झऱ्यावर रात्री हंड्यांची रांग लावतो. झऱ्याची वाटी भरायला वेळ लागतो, म्हणून करवंटीने पाणी उपसून हंडा भरायचा. माझं लग्न होऊन सोळा वर्षं झाली, त्यातले सोळाही उन्हाळे असेच गेले.

जलजीवन मिशनमधून योजना मंजूर झाली: व्हाळाकाठी विहीर, पंप, साठवण टाकी आणि तिथून पाचही वाड्यांना वितरण वाहिनी. ई-निविदा निघाली, कार्यारंभ आदेश झाला, दोन वेळा मुदतवाढही झाली. लोकवर्गणी आमच्या वाडीनेही भरली. पाणी समितीत निम्म्या बायका लागतात, त्यात माझं नाव घातलं. तेव्हापासून एकही बैठक मी चुकवलेली नाही.

घरासमोर सिमेंटचा खांब उभा राहून त्याला तोटी बसली, त्या दिवशी सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. चाचणीला दोन दिवस पाणी आलं. नंतर कळलं की त्या दोन दिवसांत खालच्या वाड्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवले होते. आता तोटी उघडली की आधी हवा फुसफुसते, मग करंगळीएवढी तांबूस धार येते आणि थोड्या वेळात बंद पडते.

कारण आम्हाला ठाऊक आहे. आराखड्यात टाकी शाळेवरच्या माळावर होती. त्या जागेच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, निम्मी मंडळी मुंबईला. जागा ग्रामपंचायतीला देण्याचं बक्षीसपत्र काही झालं नाही. मग टाकी देवळामागे गावठाणात बांधली. देऊळ आणि आमची वाडी जवळजवळ एकाच उंचीवर आहेत.

आता योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करण्याचा कागद आला आहे, समितीच्या सह्या हव्यात. पुढच्या ग्रामसभेत ‘हर घर जल’चा, म्हणजे गावातल्या प्रत्येक घरी नळाचं पाणी पोहोचलं असा ठरावही आहे. सरपंच माणूस चांगला आहे. ते म्हणतात, सही अडली तर ठेकेदाराचं अंतिम देयक अडेल, मग खालचा पंप बिघडला तरी कोणी फिरकणार नाही. पाणीपुरवठा विभागाचे साहेब म्हणतात, सही करा, तुमच्या वाडीचं पुढच्या टप्प्यात बघू. खालच्या वाड्यांतल्या बायका माझ्याच बचत गटातल्या. त्यांच्या दारात पाणी आलं याचा मला आनंद आहे, ते माझ्यामुळे थांबायला नको. पण ‘हर घर’ असं लिहिलेल्या कागदावर माझी सही गेली, तर आमची ३४ घरं कुठे मोजायची?

सही करावी का? नाही केली तर काय लिहून द्यावं? आणि वरच्या वाडीला पाणी द्यायचा खराखुरा मार्ग कोणता?

निवृत्त शाखा अभियंता

ताई, सही करू नका. पण नुसतं तोंडी ‘नाही’ म्हणूनही घरी जाऊ नका. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही. दोन महिन्यांनी ‘समितीने सहकार्य केले नाही’ एवढंच फाइलीत उरतं.

आधी ठरावाचं बोलतो, कारण तुमच्या हातात तीच मोठी गोष्ट आहे. मिशनच्या नोंदीत गाव दोन पायऱ्यांनी पूर्ण होतं. सगळ्या घरांना नळ दिले असं आधी विभाग कळवतो. मग ग्रामसभा ठराव करून ते प्रमाणित करते. हे प्रमाणपत्र दुसरं कोणीही देऊ शकत नाही, कार्यकारी अभियंतासुद्धा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा पहिलं प्रमाणित राज्य झालं, तेही गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव झाल्यावर. आणि मिशनच्या व्याख्येत नळजोडणी म्हणजे खांब आणि तोटी नव्हे. माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित पाणी मिळालं तरच ती जोडणी ‘कार्यान्वित’.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. ‘जवळजवळ एकाच उंचीवर’ यावर कोणी काही करणार नाही, आकडा लागेल. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या दाबाचा छोटा गेज मिळतो. वाडीतल्या सगळ्यात वरच्या घराच्या नळाला तो बसवा. रात्री टाकी भरलेली आणि गावातले सगळे नळ बंद असताना काटा बघा. एक किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला एक किलो) दाब म्हणजे दहा मीटर उंची. पाणी वाहत नसताना टाकीतली पातळी आणि तो नळ यांच्या उंचीतला फरक काटाच सांगतो, ना दुर्बीण लागते ना सर्व्हेअर.

काटा एक किलोच्या वर गेला, तर उंची पुरेशी आहे. मग खालची घरं पाणी ओढून घेतात एवढाच प्रश्न, आणि तो व्हॉल्व्ह लावून, वाड्यांच्या वेळा वाटून सुटतो. काटा अर्ध्या किलोच्याही खाली राहिला, तर कितीही व्हॉल्व्ह फिरवले तरी उपयोग नाही. एकमजली घरासाठीसुद्धा, पाणी वाहत असताना नळापाशी सात मीटरचा दाब उरावा असं धरून वाहिनीचा हिशेब करतात.

दुसरं माप बादलीचं. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर यायला हवं. १५ लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागतात आणि पाणी किती वेळ टिकतं, हे सात दिवस वहीत लिहा. प्रत्येक नोंदीखाली त्या घरातल्या बाईची सही घ्या.

कळशी

आमच्याकडे सही होऊन गेली, ताई. आता कुठेही गेलं तरी तोच कागद समोर ठेवतात. तुम्ही अजून अलीकडे आहात, तिथेच थांबा.

माहिती अधिकारवाला

अभियंता काका म्हणतात ते करताकरताच एक अर्ज टाका. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलम ६. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘योजनेची सगळी माहिती द्या’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. नेमके कागद मागा: मंजूर अंदाजपत्रक व आराखडा, टाकीची जागा बदलण्याचा आदेश आणि त्यावरची सही, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीतली) वितरण वाहिनीची पानं, वाहिनीच्या दाब चाचणीचा अहवाल, त्रयस्थ तपासणी संस्थेचा अहवाल. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर प्रथम अपील.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कोणी वापरत नाही. याच कायद्याच्या कलम २ मध्ये कागदांबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही दिला आहे. पाइप किती खोल पुरला आहे याची पाहणी त्यात मागता येते.

छोटा ठेकेदार

मी दुसऱ्या जिल्ह्यात ही कामं केली आहेत. ठेकेदाराच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो, राग मानू नका ताई. पाइप उधारीवर आणलेला असतो, मजुरी दर आठवड्याला रोख द्यावी लागते आणि देयक कधी निघेल याचा नेम नसतो. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभर ठेकेदार रस्त्यावर आले होते, ते सुखासुखी नव्हे. तुमचा ठेकेदार सहीसाठी घाई करत असेल तर त्याच्याही डोक्यावर कर्ज असेल.

म्हणूनच टाकी कोणी हलवली, याचा कागद आधी शोधा. विभागाने लेखी आदेश देऊन जागा बदलली असेल, तर वरच्या वाडीचा खर्च ठेकेदाराच्या खिशातून निघणार नाही आणि तो मागणंही बरोबर नाही. तिथे सुधारित अंदाजपत्रकच करावं लागेल. त्याने आदेशाशिवाय स्वतःच्या सोयीने जागा बदलली असेल, तर जबाबदारी त्याची. निविदेत चाचणी कालावधी आणि दोष दायित्व कालावधी दिलेला असतो, तो वाचा. या मुदतीतली दुरुस्ती त्यालाच करून द्यावी लागते. त्यामुळे तुम्ही सही केली नाही म्हणून खालचा पंप वाऱ्यावर पडतो, हे खरं नाही.

पाइप उघडा पडला असेल तिथे त्यावरची छपाईही वाचा. काळ्या पाइपवर आयएस ४९८४ हा मानक क्रमांक, व्यास आणि पीएन ६ किंवा जो दाब सोसण्याचा दर्जा असेल तो छापलेला असतो. अंदाजपत्रकाशी ताडून बघा.

वरची वाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मापं घेत होतो.

गेज आणला. तीन रात्री गावातले नळ बंद करवून घेतले. खालच्या वाडीतल्या बायकांनी घरोघर फिरून ते काम केलं, मला सांगावंसुद्धा लागलं नाही. टाकी काठोकाठ भरलेली असताना काटा ०.४ वर थांबला. तिन्ही रात्री तेवढाच. म्हणजे चार मीटर. बादलीची वहीही भरली. सात दिवसांत सगळ्यात वरच्या घराला एकदाही पूर्ण बादली मिळाली नाही.

टाकी हलवल्याचं पत्र आमच्या ग्रामपंचायतीच्याच फाइलीत सापडलं. विभागाने लिहून दिलेलं आहे. दादा, तुमचं बरोबर होतं, ठेकेदाराने मनाने केलेलं नाही. त्याच्याविषयी मी बैठकीत जे बोलले होते ते त्याला फोन करून मागे घेतलं.

आता वाडीतले काही जण म्हणतात, वर्गणी काढून वाहिनीवरच मोटर बसवू. करू का?

निवृत्त शाखा अभियंता

अजिबात नको. वितरण वाहिनीवर मोटर लावली की ती खालच्या वाड्यांचं पाणी ओढते. शिवाय वाहिनीत ओढ तयार होऊन, जिथे सांधा गळका असेल तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पावसाळ्यात त्यानेच अख्खं गाव जुलाबाने आजारी पडेल.

उपाय सोपा आहे. वाडीच्या वर दहा हजार लिटरची छोटी टाकी. १६० माणसांना ५५ लिटरने ८,८०० लिटर लागतात, रोज एकदा भरली की झालं. तिला पाणी वितरण वाहिनीतून नको, पंपाकडून येणाऱ्या चढत्या वाहिनीलाच फाटा काढून द्यायचं. आणि पंपावरची पट्टी वाचा, त्यावर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो तो आकडा, लिहिलेला असतो. मूळ आराखड्यात टाकी माळावर होती. पंप त्याच हिशेबाने घेतला असेल तर तेवढी ताकद त्यात आधीच आहे आणि खर्च निम्म्यावर येईल.

जागा एखादा गुंठा पुरते. जिथे एकाच मालकाचं नाव आहे अशी बघा आणि बक्षीसपत्र आधी नोंदवून घ्या, मगच प्रस्ताव. वरची जागा वनखात्याची निघाली, तर वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते.

निधीसाठी पहिला आग्रह सुधारित अंदाजपत्रकाचा धरा. मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर झालेली आहे, तेव्हा ‘योजना संपली’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

वरची वाडी

पंपाची पट्टी सरपंच स्वतः उतरून वाचून आले. हेड माळावरच्या टाकीला पुरेल एवढा आहे, असं त्यांनी विभागात विचारून घेतलं. जागा आमच्या शेजारच्या काकींनी दिली. त्यांच्या एकट्यांच्या नावावर आहे, आंब्याच्या दोन कलमांच्या मधली.

ग्रामसभेसाठी हे लिहिलं आहे, कृपया तपासा:

‘चार वाड्यांना पाणी मिळत आहे याची समिती नोंद घेते. वरच्या वाडीतील ३४ घरांना चाचणीनंतर नियमित पाणी मिळालेले नाही. टाकी व वाडी यांच्या उंचीत फारसा फरक नाही. वरच्या वाडीसाठी स्वतंत्र टाकीचे सुधारित अंदाजपत्रक मंजूर होऊन त्या घरांच्या नळजोडण्या कार्यान्वित होईपर्यंत समिती योजना पूर्ण झाल्याचा दाखला देऊ शकत नाही. तोपर्यंत ‘हर घर जल’चा ठराव पुढे ढकलावा.’

निवृत्त शाखा अभियंता

चांगलं झालं आहे. दोन दुरुस्त्या. ‘फारसा फरक नाही’ काढा. तिथे तिन्ही रात्रींच्या तारखा, वेळ आणि ०.४ लिहा. बादलीच्या वहीच्या छायाप्रती जोडा. दुसरं, ग्रामसभेत वाचण्याआधी हेच पत्र ग्रामपंचायतीत आणि विभागात द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.