नैराश्यात मेंदू आक्रसतो, हे पेशंटला सांगावं का?

अवलिया:
माझं मत, सांगावं. "मनाला लावून घेऊ नकोस" हे ऐकून ऐकून माणूस पिचतो. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा, ताणाला लगाम घालणारा भाग. एनिग्मा या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी लोकांचे एमआरआय ताडून पाहिले, तर रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान निघाला. म्हणजे नाटक नाही ना?

आडवातिडवा:
'सरासरीने' हा शब्द अलगद गिळलात! फरक जेमतेम सव्वा टक्का. तोही मुख्यतः वारंवार एपिसोड (आजाराची खेप) येणाऱ्यांत आणि कमी वयात आजार सुरू झालेल्यांत. पहिल्याच एपिसोडला तो दिसला नाही. २०२२ साली १,८०९ जणांच्या अभ्यासात रुग्ण आणि निरोगी यांच्या मेंदूची मापं ८७ ते ९५ टक्के एकमेकांत मिसळलेली निघाली. त्यावरून रुग्ण ओळखायला गेलं तर ५४-५६ टक्के वेळा बरोबर. त्यापेक्षा छापा-काटा करा की.

रातराणी_२:
माझा तिसरा एपिसोड चालू आहे. डॉक्टर 'आक्रसतो' म्हणाले, आणि पुढे आठवडाभर किल्ली सापडली नाही तरी वाटायचं, गेला मेंदू. पेशी धडाधड मरत नाहीत, त्यांच्या फांद्या छाटल्यागत होतात, हे मला नंतर कळलं. हाच शब्द आधी वापरला असता तर?

अवलिया:
शब्दाचं मान्य, रातराणी. पण २००३ मध्ये शेलाइन या संशोधिकेला दिसलं की उपचाराविना गेलेले नैराश्याचे दिवस जितके जास्त, तितका हिप्पोकॅम्पस लहान. उपचारातल्या दिवसांचा तसा संबंध नव्हता. हे तरी सांगाल की नाही?

आडवातिडवा:
३८ बायकांचा अभ्यास आहे तो. आणि आधी काय, लहान मेंदू की आजार? युद्धातून आलेल्या पीटीएसडीच्या (भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार) सैनिकांचे जुळे भाऊ तपासले, तर युद्धावर न गेलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहान होता. आजार वेगळा, पण शंका तीच. (उपचार लांबवा असं मी म्हणत नाहीये, उगाच अंगावर येऊ नका.)

रातराणी_२:
तुमचं चालू द्या. आई म्हणते इच्छाशक्ती कमी पडते. तिला सव्वा टक्का सांगितलं तर हसेल.

आडवातिडवा:
टक्का सांगूच नका. मायग्रेनवाल्याचा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. त्याची इच्छाशक्ती काढतात का तुमच्या आई?